विचाराचा धोका आणि विधीचा धोका

मंत्रचळ, म्हणजे आज ज्याला सर्रास ओसीडी म्हटले जाते तो विकार, लहान मुलांनाही जडतो हे वैद्यकाला फार पूर्वीच ठाऊक झाले होते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर झाने यांच्या १९०३ मधील ग्रंथात पाच वर्षांच्या एका रुग्णाची नोंद आहे. उशीर लागला तो अशा मुलाला नेमका कशापासून धोका आहे, हे ओळखायला.

या विकारात नको असताना मनात घुसणारे, भीती किंवा किळस उपजवणारे अनिवार्य विचार असतात, आणि ती भीती शमवण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे, पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेणे अशा अनिवार्य कृती, म्हणजे विधी, केल्या जातात. आपल्या हातून धाकट्या भावाला सुरी लागेल, असा विचार एखाद्या मुलाने बोलून दाखवला की ते मूलच घातक आहे असे मोठ्यांना वाटे. १९७८ मध्ये लंडनमधील संशोधक स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी असे विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात, रुग्णाला मात्र ते अधिक वेळा, अधिक तीव्रतेने छळतात आणि झटकून टाकता येत नाहीत, असे दाखवून दिले. त्यामुळे विचार म्हणजेच हेतू, या समजुतीचा आधारच निसटला. या शोधाचे मोल कोणत्याही नव्या औषधाहून कमी नाही.

तरीही मुले नजरेआडच राहिली. ब्रिटनमधील १९९९ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ ते १५ वयोगटातील १०,४३८ मुलांपैकी २५ जणांत हा विकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांचे निदान तोवर झालेलेच नव्हते. मनातला विचार सांगितला तर आपल्याला वाईट ठरवतील, या धास्तीने मूल गप्प राहते, हे त्यामागचे एक कारण मानावे लागते.

२००९ मध्ये डेव्हिड व्हील, इझोबेल हेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोक्याचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे मांडले. विचारात आहे तेच कृत्य रुग्ण करील, हा प्राथमिक धोका. ज्याला त्या विचाराचीच दहशत वाटते, जो सुरी दिसताच मागे सरतो, त्याच्या बाबतीत तो नसल्यातच जमा असतो. खरी हानी दुय्यम धोक्यातून होते: ब्लीचने धुऊन सोललेले हात, दूषित होण्याच्या भीतीने सोडलेले अन्नपाणी, शौचालय टाळण्यासाठी तासन्‌तास रोखलेली लघवी, सुटलेली शाळा, विधी अडवणाऱ्या आईवर उगारलेला हात. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार मात्र प्रत्येक मुलाच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासावे लागतात; २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकात मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावल्यापासून, हीच औषधे या विकारातही वापरली जात असल्याने, उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत जवळून लक्ष ठेवणे आवश्यक मानले जाते.

धोक्याच्या या विभागणीमुळे उपचाराची दिशाच बदलते. विचाराला भिऊन मुलाला भावापासून वेगळे ठेवले, घरातल्या सुऱ्या लपवल्या, तर आपण खरोखरच घातक आहोत अशी त्याची खात्री पटते आणि विकार बळावतो. म्हणून भीतीला पायरीपायरीने सामोरे जात विधी रोखण्याच्या उपचारात पुढे तीच सुरी त्याच्या हाती दिली जाते, आणि भाऊ शेजारी बसलेला असताना त्याला फळ कापायला सांगितले जाते.