सातारच्या गादीचे वकील

१८५७ म्हटले की आपल्या इतिहासाच्या तासाला मेरठ, दिल्ली, झाशी. सातारा एका ओळीत उरकायचा. त्या ओळीतले रंगो बापूजी गुप्ते यांच्याविषयी स्मरणिकेत लिहावे, असे मनात होते.

ते रोहिडखोऱ्याचे वतनदार देशपांडे. वतन सांभाळत घरी बसले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. पण ५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले आणि पुढे काशीला धाडले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, पलटणीतल्या सुभेदारांना फितवणे, असे आरोप. कबुलीवर सही केली असती तर गादी राहत होती. महाराजांनी केली नाही. आधी उघड चौकशी करा, एवढेच त्यांचे मागणे. ते घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले, ते १८५३ पर्यंत तिथेच राहिले.

अर्ज, पत्रके, गाठीभेटी. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जॉर्ज थॉम्पसन आणि पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांना त्यांनी बाजू मांडायला लावली. या सभा लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये भरत. आज तिथे लॉइड्सची इमारत आहे. ऑफिसच्या कामानिमित्त मी तिच्यासमोरून कितीदा तरी गेले. आमच्याकडे एखादी तक्रार चौदा दिवस उघडी राहिली तरी वरून विचारणा होते. यांची चौदा वर्षे राहिली!

मधल्या काळात अशीलच गेले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजीराजेही गेले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. (आपले सांगली संस्थान त्यानंतर बरोबर शंभर वर्षे टिकले, १९४८ पर्यंत.) तरीही रंगो बापूजी आणखी पाच वर्षे लंडनमध्ये खेटे घालत होते. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. कंपनीला तिच्याच कायद्याच्या भाषेत जाब विचारून त्यांनी या प्रकरणाची कागदपत्रे इंग्लंडात छापील करून ठेवली.

परतल्यावर त्यांनी अर्ज लिहिणे सोडले आणि माणसे जमवायला घेतली. १८५७ चा कट फुटला. ८ सप्टेंबरला साताऱ्यात सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.