शिरूर-दौंडमधील भजन, सप्ताह आणि वृद्ध

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचे तालुके. येथील म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला प्रत्यक्ष गाणे-वाजवणे आले ते मुख्यतः वारकरी भजनातून. त्यासाठी वेगळी संस्था नव्हती. देऊळ, ओसरी आणि गावचे भजनी मंडळ एवढ्यावर सारे चाले. वृद्ध हे या गाण्याचे श्रोते होते, तसेच गाणारेही.

भजनाचे वर्षभराचे वेळापत्रक ठरलेले असते. रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला जागर आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. साज मोजका: वीणा, टाळ, पखवाज; पेटी मागाहून आली. चाली कानावरून शिकायच्या असल्याने जुन्या चाली माहीत असलेल्या म्हाताऱ्यांना मंडळात मान असे.

अखंड हरिनाम सप्ताहात हा मान उघड दिसतो. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी १८४७ मध्ये सुरू केलेला सप्ताह आजही चालू आहे, आणि ही प्रथा महाराष्ट्रातील गावोगावी रुजली आहे. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण, प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काल्याचे कीर्तन. या काळात वीणा खाली टेकवत नाहीत. विणेकरी ती गळ्यात अडकवून उभ्याने नाम घेतो. त्याचा पहारा, म्हणजे पाळी, संपली की दुसरा समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम न थांबवता वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तरणी माणसे रानात गेलेली असताना दिवसाचे पहारे वृद्धांना सांभाळता येतात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तेथे तयार झालेले कीर्तनकार सप्ताहांना मिळू लागले. पुढे ध्वनिक्षेपक आला आणि अंथरुणाला खिळलेल्यांनाही घरबसल्या कीर्तन ऐकू येऊ लागले.

दौंड तालुक्याला आषाढी वारीचाही लाभ आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात. ज्यांना आता पंढरीची वाट झेपत नाही, असे जुने वारकरी गावातच दर्शन घेतात आणि दिंड्यांचे अभंग ऐकतात.

याच तालुक्यातील केडगावात वृद्धांच्या संस्थात्मक सांभाळाचा जुना दाखला मिळतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया आणि मुली आणल्या, त्यांना पुढे केडगावच्या जमिनीवर आश्रय दिला आणि तेथे मुक्ति मिशन उभे राहिले. त्यातील 'प्रीती सदन' वृद्ध आणि दुर्बल स्त्रियांसाठी होते.  त्या काळच्या मराठी ख्रिस्ती उपासनेतही देशी गाणे आले होते: अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे आणि नंतर ना. वा. टिळक या ख्रिस्ती कवींनी कीर्तन, अभंग हे प्रकार चर्चमध्ये आणले.

भजनाखेरीज जत्रेतला तमाशा होता. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव या कलेसाठी ओळखले जाते. लावण्या आणि वगनाट्ये लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर तेथलेच. दौंड तालुक्यातील चौफुला येथे संगीतबारीची कला केंद्रे आहेत. मात्र भजनी मंडळात वय वाढले तरी जागा राहते, तमाशाच्या फडावर तसे नसते. पाय थकले की कलावंताची कमाई थांबते. राज्य शासनाने १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणे सुरू केले. २०२४ मध्ये या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन सर्वांसाठी दरमहा ५,००० रुपये झाले. कीर्तनकार, भजनी गायक आणि तमाशा कलावंत हे सारे त्यासाठी अर्ज करू शकतात.