मोटारीतील सजावटी एलईडी दिवे

मोटारीतील सजावटी एलईडी दिवे म्हणजे वाहनाच्या अंतर्भागात पायांजवळ, डॅशबोर्डखाली, दरवाज्यांच्या कडांना किंवा आसनांखाली बसवले जाणारे मंद प्रकाशाचे दिवे होत. वाचता येईल इतका उजेड देणे हा त्यांचा उद्देश नसतो. काही मोटारींत ते कारखान्यातच बसवलेले असतात, तर इतर वाहनांत मालक ते स्वतः किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नंतर बसवून घेतात. नंतर केलेल्या जोडणीत धोका दिव्यांपेक्षा त्यांना वीज पुरवणाऱ्या तारेत अधिक असतो.

पार्श्वभूमी

पूर्वी अंतर्भागात तंतूचे छोटे बल्ब वापरले जात. त्यांना वीज जास्त लागे आणि ते तापत. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून कार्यक्षम निळा एलईडी साकार झाला व त्यामुळे पांढरा आणि बहुरंगी एलईडी प्रकाश शक्य झाला. या कार्यासाठी तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टीची रचना

बाजारातील १२ व्होल्टच्या लवचीक पट्टीत सहसा तीन-तीन एलईडी आणि एक रोधक यांचे गट असतात, म्हणून पट्टी गटांच्या मधल्या खुणेवरच कापता येते. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघांचे मिळून ९ ते १० व्होल्ट होतात आणि उरलेला दाब रोधकावर पडतो. मोटारीचा विद्युतदाब मात्र स्थिर १२ व्होल्ट नसतो. इंजिन बंद असताना तो सुमारे १२.६, तर सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. हा वाढीव दाब मुख्यतः रोधकावर येत असल्याने पट्टीतील प्रवाह दीडपट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. पट्टी तापते आणि तिचे आयुष्य घटते. यासाठी दाब नियंत्रक जोडतात किंवा वाहनांसाठीच बनवलेली पट्टी वापरतात.

वीज कोठून घ्यावी

फ्यूज पेटीतील काही परिपथ चावी फिरवल्यावरच सुरू होतात, तर काहींना कायम वीज मिळते. सजावटी दिवे पहिल्या प्रकारच्या परिपथावर जोडणे श्रेयस्कर असते. ५०५० प्रकारच्या, मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीला मीटरमागे सुमारे १४.४ वॅट लागतात. अशी दोन मीटर पट्टी १२ व्होल्टवर २.४ अँपिअर घेते. ती कायम परिपथावर रात्रभर, १२ तास, चालू राहिली तर जवळपास २९ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यानंतर इंजिन सुरू करू शकेलच असे नाही.

ऋण टोक सहसा गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, रंग खरवडलेल्या जागी, स्क्रूने जोडतात. दरवाजा उघडताच लागणाऱ्या दिव्याला पट्टी जोडताना मात्र आधी मोजमाप करावे लागते, कारण अनेक मोटारींत त्या दिव्याची ऋण बाजूच स्विचने तोडली-जोडली जाते. तेथे पट्टीचे ऋण टोक सांगाड्याला दिल्यास दिवे कधीच विझत नाहीत.

फ्यूज आणि तार

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ही जोडणी निरुपद्रवी आहे असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. स्टार्टर फिरवणारी बॅटरी शॉर्ट सर्किट झाल्यास शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते.

फ्यूज, म्हणजेच वितळतार, प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. १५ अँपिअर फ्यूज असलेल्या परिपथातून केसासारखी बारीक तार काढली आणि आसनाच्या पट्टीखाली तिचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, तर १५ अँपिअरचा फ्यूज उडण्यापूर्वीच तार लाल होऊ शकते. तिच्या भोवती गालिचा आणि आसनाचा फोम असतो. म्हणून नव्या जोडणीला तिचा स्वतःचा फ्यूज, आणि तोही वीज घेतलेल्या जागेच्या शक्य तितक्या जवळ लागतो. पट्टीजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. फ्यूजचे मूल्य दिव्यांच्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त, पण तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावे. वरील दोन मीटर पट्टीला ०.७५ चौरस मिलिमीटरची तार आणि ५ अँपिअरचा फ्यूज सामान्यतः पुरतो. मूळ फ्यूजशेजारी वेगळा फ्यूज देणारे जोडसाधन बाजारात मिळते. तार सोलून, पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा ते पुष्कळ सुरक्षित असते. उन्हात उभ्या गाडीत चिकटपट्टीचा गोंद सुटतो, म्हणून सांध्यांवर हीट श्रिंक नळी चढवतात.

बसवताना घ्यायची दक्षता

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढतात. पिवळे कनेक्टर किंवा पिवळे आवरण असलेल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. पुढील काचेच्या बाजूच्या खांबांत पडदा-एअरबॅग असल्यास तिच्या उघडण्याच्या मार्गातून तार नेऊ नये. पेडलजवळची तार पायात अडकणार नाही अशी घट्ट बांधावी लागते.

कायदेशीर बाजू

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार, काही अपवाद वगळता, वाहनाच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज अन्य दिवा दाखवण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे मागच्या काचेतून बाहेर झळकणारी निळी पट्टी आत बसवलेली असली तरी आक्षेपार्ह ठरू शकते. रात्री पुढच्या काचेवर प्रतिबिंब उमटत असेल, तर पट्टी आणखी खाली किंवा आडोशाला बसवतात.