सदाफुलीची पाने आणि साखरेची गोळी

मागच्या महिन्यात आमच्या श्रोता मंडळातल्या एका काकूंनी सहज सांगितले, "साखरेची गोळी बंद केली, आता रोज सकाळी सदाफुलीची चार पाने चावते." तुळजापूर असो की परांडा, असे बोलणे अंगणात कानावर येतेच. म्हणून आज आम्ही या झाडाची जुनी गोष्ट सांगणार आहोत.

सदाफुली ही कण्हेरीच्या कुळातली. कुंपणाची बिट्टी, देवाचा चाफा, शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई, ही सगळी तिची भावंडे. पान मोडले की बहुतेकांतून पांढरा चीक येतो. किडे आणि जनावरांपासून वाचायला ही झाडे कडू, जहाल द्रव्ये तयार करतात. कण्हेर आणि बिट्टीतली द्रव्ये थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. बिट्टीच्या बियांनी माणसे दगावली आहेत. (आणि आम्ही लहानपणी त्याच बिट्ट्यांनी खेळलो!) याच कुळातल्या सर्पगंधेवर मात्र मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांत अभ्यास केला. १९४९ साली तो ब्रिटनच्या वैद्यकीय मासिकात छापून आला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळे केले.

आता सदाफुली. ती मूळची मादागास्करची. जमैकातही लोक मधुमेहावर तिचा काढा पीत. तिथली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्याकडे पोचली. त्यांनी अर्क उंदरांना पाजला. साखर काही उतरेना. मग टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दुसऱ्या कोणी पाने उकिरड्यावर टाकली असती. यांनी विचार केला, की रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात ना? १९५८ पर्यंत व्हिनब्लास्टिन हाती आले, मागोमाग व्हिंक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिंक्रिस्टिन आजही देतात, पण शिरेतून, मोजून मापून. टोपल्याच्या टोपल्या पाने आटवावीत तेव्हा त्याचा कण मिळतो.

नंतरच्या काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने उंदरांची साखर उतरलीही. पण माणसाने किती पाने खावीत, हे कुठेच ठरलेले नाही. झाडागणिक, ऋतूगणिक पानातले द्रव्य कमीजास्त होते. गोळीचे तसे नसते.

हे सगळे आम्ही काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग झाड उपटू का?" छे, कशाला? रोज देवाला फुले लागतातच की. साखर मात्र आरोग्य केंद्रात तपासून या म्हटले. त्या गेल्या, गोळी पुन्हा सुरू झाली आहे.