नव्वद दिवसांचा उकिरडा: इंदूरचा खड्डा ते ढाक्याची मंडई

आजच्या भागाला थोडा वास येणार आहे, पण हेडफोन काढू नका. विषय आहे मंडईतला कचरा. फ्लॉवरची पानं, पिवळ्या पडलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या, नासके टोमॅटो, कणसांची सालं. बाजार उठल्यावर गाळ्यांसमोर जो ढीग उरतो ना, तो.

या ढिगाचं खत होतं, हे आपण शाळेत शिकलोय. मग प्रत्येक मंडईच्या मागे खताचा खड्डा का दिसत नाही? मला वाटायचं, तंत्र अवघड असेल. इतिहास वाचायला घेतला तर उलटंच निघालं. तंत्र जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी पक्कं झालंय, आणि तेही आपल्या शेजारी, होळकरांच्या इंदुरात.

साल 1924. इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री नावाची संशोधन संस्था सुरू झाली. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड, 1905 पासून भारतात काम करणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ. संस्थेचं मुख्य काम कापसावरचं. पण हॉवर्ड यांच्या डोक्यात वेगळाच किडा होता: पीक बदलण्याआधी माती सुधारा. आणि मातीला हवं खत. शेण मात्र चुलीत जळत होतं, गोवऱ्या होऊन. मग खत आणायचं कुठून? शेतातल्याच टाकाऊ मालातून.

पद्धत ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. उथळ खड्डा, साधारण दोन फूट खोल. त्यात पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख, असे थर. पाणी शिंपडायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. मग तीन वेळा ढीग वरखाली करायचा: पहिल्यांदा दोनेक आठवड्यांनी, दुसऱ्यांदा महिन्याभराने, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. कापसाच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायचे. बैलांच्या खुरांखाली आणि गाडीच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा व्हायचा. यंत्र नको, डिझेल नको.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असं आपल्याकडे म्हणतात. इंदूरने ते काम नव्वद दिवसांवर आणलं.

यामागचं गणित दोन गोष्टींचं. एक, हवा. हवा मिळाली तर जिवाणू कचरा गरम करतात, कुजवतात आणि त्याचा काळा, मातीसारखा वास येणारा ह्यूमस होतो. हवा कोंडली तर सडका वास सुटतो आणि मिथेन तयार होतो. दोन, ओलं आणि सुकं यांचा मेळ. हिरव्या, ओल्या मालात नायट्रोजन जास्त, सुक्या काडीकचऱ्यात कार्बन जास्त. इंदूरच्या मोजमापात सुरुवातीला कार्बन साधारण 33 भाग आणि नायट्रोजन एक भाग असावा, असं ठरलं. मंडईचा कचरा म्हणजे बहुतेक पाणीच. नुसता टाकला तर त्याचा चिखल होतो. त्यात सुका पाला किंवा भुसा मिसळला, की गाडी रुळावर येते.

1931 मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून दोन नावं होती: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हे दुसरं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी तरी हा भाग तयार करेपर्यंत ऐकलं नव्हतं. वाड संस्थेत रसायनशास्त्राची बाजू बघायचे. ढिगात आत काय घडतंय, ते मोजण्याचं काम या बाजूचं. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाले, 1940 च्या त्यांच्या पुस्तकामुळे इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, पण वाड हे नाव मागेच राहिलं.

हॉवर्ड 1931 मध्ये इंदुरातून गेले, पण वाड यांचं काम थांबलं नाही. 1934 मध्ये एफ. के. जॅक्सन यांच्यासोबत त्यांनी एक पुस्तिका काढली. विषय होता वस्तीतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने कसा कुजवायचा. शेतातला प्रयोग आता गावात आला होता. आपल्याकडे मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हणतात. नाव सोन्याचं, पण तो मैला डोक्यावरून वाहायचा कुणी, हे जातीने ठरवलेलं होतं. कचऱ्याच्या इतिहासात हा प्रश्न कुठेच सुटत नाही: खत सगळ्यांना हवं, हात कुणाचे?

आता थोडी उडी मारू. 1970 च्या दशकात केंद्र सरकारने मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट कारखान्यांची योजना आणली. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, बडोदा अशा शहरांत दिवसाला 150 ते 300 टन कचरा पचवू शकतील असे कारखाने उभे राहिले. त्यातले बरेचसे काही वर्षांत बंद पडले. का? कारण त्यांच्या तोंडात सगळं एकत्र जायचं. भाजीपाला, काच, चिंध्या, प्लॅस्टिक, विटांचे तुकडे. खतात काच निघाली, तर शेतकरी ते कशाला घेईल? शेत त्याचं, अनवाणी पायही त्याचेच. इंदूरच्या खड्ड्यात काय टाकायचं ते माणूस बघून ठरवत होता. कारखान्यात तेच कुणी बघत नव्हतं.

इथून गोष्ट जाते बांगलादेशात. 1995 मध्ये ढाक्यात मकसूद सिन्हा आणि इफ्तेखार एनायेतुल्लाह यांनी ‘वेस्ट कन्सर्न’ ही संस्था सुरू केली. एक वास्तुविशारद, दुसरा नगररचनाकार. मीरपूर भागात लायन्स क्लबने जागा दिली आणि तिथे दिवसाला तीन टन कचरा घेणारं छोटं केंद्र सुरू झालं. सायकल-रिक्षाच्या गाड्या घरोघरी जाऊन कचरा उचलायच्या, घरं महिन्याला थोडे पैसे द्यायची. केंद्रावर कामगार हाताने वेगळं करायचे, ढीग लावायचे, मधे हवा जायला बांबूचा सांगाडा ठेवायचे. इंदूरच्याच तत्त्वाची ही शहरी बहीण!

पण त्यांची खरी हुशारी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. तयार खत विकायचं कुठे, हे त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. एका खत कंपनीशी करार केला, आणि कंपनीच्या विक्रेत्यांमार्फत खत शेतकऱ्यापर्यंत गेलं. खताला गिऱ्हाईक मिळालं, की वेगळं करणाऱ्याच्या मजुरीलाही आधार मिळतो.

2008 च्या सुमारास त्यांनी ढाक्याजवळ बुलता इथे मोठा प्रकल्प उभारला, दिवसाला 100 टनांचा बेत होता. आणि कच्चा माल कुठला निवडला? ढाक्याच्या भाजीबाजारांतला. कारण बाजारातला ढीग घरच्या डब्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो. एकाच जागी, रोज, ठरलेल्या वेळी मिळतो. तो कचराकुंडीत गाडला असता तर मिथेन निघाला असता. तो टाळल्याबद्दल प्रकल्पाला कार्बन क्रेडिटही विकता आले. मात्र इथे वस्तीचा हात कमी झाला, कंपनीचा वाढला. मीरपूरला शेजाऱ्यांचा वाटा होता, बुलताला गुंतवणूकदारांचा. दोन्ही मॉडेल चालतात, पण त्यांना एकच नाव देऊ नये.

आपल्याकडे पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आली, आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार केला. तिच्या सभासद अनेक सोसायट्यांमध्ये ओल्या कचऱ्याचं खतही करतात. वेगळं करणारे हात इथे संस्थेचे मालक आहेत. इंदूर, बंगळुरू, बुलता, कुठेच हे नव्हतं.

आणि मंडईचं? 2016 च्या घनकचरा नियमांत स्थानिक संस्थांवर स्पष्ट जबाबदारी टाकली: भाजी, फळं, फुलं, मासळी बाजारांचा कचरा रोज उचला, आणि बाजारातच किंवा बाजाराच्या जवळ खताचे किंवा बायोगॅसचे छोटे प्रकल्प उभे राहतील असं बघा. म्हणजे कायदाही वाड यांच्या खड्ड्याकडेच परत आला. कचरा जिथे होतो तिथेच कुजवा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. कुजवणं निसर्ग करतो, फुकट करतो. पैसे आणि मान लागतो तो वेगळं ठेवणाऱ्याला. जिथे हे काम कुणाचं तरी ठरलेलं होतं, त्याची मजुरी ठरलेली होती आणि खताला गिऱ्हाईक होतं, तिथे ढिगाचं खत झालं. जिथे ‘यंत्र बघून घेईल’ म्हटलं, तिथे यंत्राला गंज चढला.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी भाजी आणायला गेलात की बाजार उठेपर्यंत थांबा. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या किती आहेत, तो उचलतं कोण, आणि गाडी जाते कुठे, एवढं विचारा. भाजीवाल्या मावशींना पक्कं माहीत असतं. उत्तरं मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

भेटू मग. तोवर पिशवी घरून न्या!