चार टोकांचे गोंडे

कपड्याच्या चार टोकांना गोंडे लावावेत आणि प्रत्येक गोंड्यात एक निळा दोरा असावा, अशी आज्ञा तोरा या यहुदी धर्मग्रंथात, ‘गणना’ या भागाच्या १५व्या अध्यायात आहे. कारणही तिथेच दिले आहे. ते गोंडे पाहून ईश्वराच्या आज्ञा आठवाव्यात आणि मन व डोळे नेतील तिकडे माणसाने भरकटू नये. या गोंड्यांना हिब्रूत ‘त्सित्सित’ म्हणतात. ज्या चादरीला ते बांधतात ती ‘तल्लीत’. सकाळच्या प्रार्थनेला ती अंगावर घेतात. दिवसभर सदऱ्याखाली घालायची बंडीसारखी धाकटी तल्लीतही असते.

कोकणातले शनिवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल, हे आपले जुने शेजारी. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ ‘जुनी मशीद’ याच नावाने ओळखले गेले. तिथेही प्रार्थनेला हीच चादर खांद्यावर येते. चादर सर्वांना दिसते. पण ती धुतात कशी, जीर्ण झाल्यावर तिचे काय करतात, हे घराबाहेर फारसे कळत नाही. या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास उभा आहे.

आधी निळ्या दोऱ्याचे पाहू. हा रंग भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स जातीच्या शंखगोगलगाईपासून काढीत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तो किती महाग पडत असेल, याची कल्पना एका प्रयोगावरून येते. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाईंपासून रंग काढला, तो भरला अवघा १.४ ग्रॅम! साहजिकच बाजारात नकली माल आला. हुबेहूब तोच रंग देणारी वनस्पती म्हणजे नीळ. निळीत रंगवलेला दोरा खरा म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहा, असे तालमूद बजावतो. पुढे अस्सल रंगाची विद्याच लुप्त झाली. परंतु निळा नसला तरी पांढरा दोरा चालतो, असा निर्णय मिश्ना या प्राचीन संहितेने आधीच देऊन ठेवला होता. म्हणून हजार वर्षांहून अधिक काळ यहुदी समाजाने निव्वळ पांढरे गोंडे बांधले आणि आज्ञा पाळली.

१९८०च्या दशकात इस्रायलमधील रसायनशास्त्रज्ञ ऑटो एल्सनर यांच्या लक्षात आले, की म्युरेक्सचा जांभळा रंग द्रावणात असताना त्यावर ऊन पडले तर तो निळा होतो. गंमत अशी, की उन्हाने तयार होणारा हा निळा रेणू आणि निळीच्या झाडातला रेणू एकच आहे. डोळ्याला फरक नाही, रसायनातही नाही. तरी एक ग्राह्य, दुसरा त्याज्य. म्हणजे मोल रंगाचे नाही. तो कुठून आला आणि कोणत्या हेतूने वापरला, याचे आहे. दोऱ्यांनाही हाच नियम आहे. ते याच कामाच्या नियतीने कातलेले असावे लागतात. बाजारातला कुठलाही दोरा चालत नाही.

हे लक्षात घेतले की जपणुकीचे नियम उमगतात. मोठी तल्लीत बहुधा लोकरीची असते. गरम पाण्याने लोकर आटते, क्लोरीनच्या ब्लीचने ती पिवळी पडते आणि विरते. म्हणून ती गार पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता हाताने धुतात किंवा ड्रायक्लीनिंगला देतात. गळ्याशी चांदीची पट्टी असेल तर आधी उसवून काढतात. धाकटी घामाने मळते, ती वरचेवर धुवावी लागते. धुताना चारही गोंडे सैलसर बांधतात किंवा छोट्या पिशवीत घालतात, नाहीतर दोरे गुंततात, तुटतात. एका टोकाला चार दोरे दुमडून आठ पदर होतात आणि त्यांवर पाच गाठी येतात. पदर तुटला, तर उरलेली लांबी पुरेशी आहे की नाही हे तपासावे लागते. एक गोंडा बाद झाला, तर तो नव्याने बांधेपर्यंत ती चादर वापरता येत नाही. म्हणूनच रोज अंगावर घेण्याआधी दोरे सोडवून, निरखून पाहण्याची शिस्त आहे.

सफद गावच्या योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा आचारग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. गोंडे जमिनीवर घासत चालू नये, असे तो सांगतो. मात्र ते अंगावर असताना शौचालयात जाण्यास त्याची मनाई नाही आणि तुटलेले दोरे टाकून देण्यासही नाही. कारण तोराच्या गुंडाळीला जे पावित्र्य आहे ते दोऱ्यांना नाही. ते आज्ञापालनाचे साधन आहेत. साधनाचा मान राखायचा, पूजा करायची नाही. तरीही लोकांचे मन मानत नाही. कोणी जुने दोरे धर्मग्रंथात खूण म्हणून ठेवतो, कोणी जीर्ण पोथ्यांबरोबर पुरतो.

क्राकोचे मोशे इस्सरलेस यांनी या ग्रंथावर टिपणे लिहिली. त्यांत त्यांनी काहींचे एक मत नोंदवले आहे: गोंडे असलेली तल्लीत यहुदी नसलेल्या परटिणीकडे धुवायला देऊ नये. वाचताना पहिल्यांदा मनात येते ती शिवाशीव. पण दिलेले कारण वेगळे आहे. आज्ञेची हेटाळणी होऊ नये, एवढेच. पिढ्यान्‌पिढ्या परक्यांच्या सत्तेखाली राहणाऱ्या आणि वारंवार चेष्टा सोसलेल्या समाजाची ती धास्ती असावी, असे मला वाटते.

माणूस गेला, की अनेक ठिकाणी कफनावर त्याची स्वतःची तल्लीत लपेटतात आणि एक गोंडा कापतात. मृताला आता आज्ञांचे बंधन उरलेले नसते. आयुष्यभर ज्याचा एक दोरा तुटू नये म्हणून जपले, तो गोंडा शेवटी आपल्याच हाताने कापायचा!

पोलंडमधील ऑशविट्झ येथे १९४० ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती. १९४७ पासून तिथे संग्रहालय आहे. मारण्यासाठी आणलेल्या यहुद्यांच्या सामानातल्या सुमारे ४० तल्लीत त्यात जतन केल्या आहेत. मालकांबरोबर त्या मातीत जायला हव्या होत्या. गेल्या नाहीत, कारण मालकांना कबरच मिळाली नाही.