बारा माणसांचा गट आणि लाखांची गर्दी

वस्तीतल्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत दर आठवड्याला येशूची प्रार्थना सुरू झाली की आपल्याकडे ठरलेली चर्चा सुरू होते. पैसे वाटत असतील, औषधपाण्याचे आमिष असेल, आपली माणसे भोळी आहेत. आम्हाला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. धर्म बदलणाऱ्या प्रत्येक दलिताला सनातनी मंडळी विकाऊ ठरवत आली. तीच भाषा आपण आपल्याच शेजारणीसाठी वापरायची का?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसलेले कारण साधे आहे. त्या खोलीत दहा-बारा माणसे असतात. एखादी बाई आठवडाभर दिसली नाही तर दुसरी तिच्या दारात जाते. नवरा दारू पितो, पोराची फी भरायची राहिली, हे तिला तिथे बोलता येते. देव प्रार्थना ऐकतो की नाही हा प्रश्न वेगळा. माणसे तिचे ऐकतात, हे मात्र खरे. ख्रिस्ती धर्मप्रसारातील या छोट्या गटाला मोठा इतिहास आहे. आंबेडकरी चळवळीने तो समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

त्यासाठी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावे लागेल. ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवूडच्या कोळसाखाणी होत्या. तिथल्या खाणमजुरांना प्रतिष्ठित चर्चमध्ये फारसे कोणी विचारत नव्हते. १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्ड आणि त्यांच्यामागून जॉन वेस्ली यांनी उघड्या मैदानात या लोकांसमोर प्रवचने सुरू केली. हजारोंची गर्दी जमू लागली. व्हाइटफील्ड हे दोघांमधले अधिक प्रभावी वक्ते मानले जात. पण टिकाऊ संघटना उभी राहिली ती प्रामुख्याने वेस्लींची. गर्दी पांगल्यावर माणसांचे काय करायचे, याचे उत्तर त्यांना सापडले होते.

ते उत्तर सापडले कर्जाच्या चर्चेतून. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या सभागृहावरचे कर्ज कसे फेडायचे यावर बैठक झाली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी. बरेच जण इतके गरीब आहेत की त्यांना तेही जमणार नाही, असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा फॉय म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. त्यांनी दिले तर ठीक, नाही तर त्यांचे मी भरीन.

वर्गणीसाठी दारोदार फिरताना प्रमुखांना माणसे कळू लागली. कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूला लागला आहे, कोणाच्या घरात भांडण आहे. पुढे घरोघर फिरण्याऐवजी सगळे एकत्र बसू लागले आणि ‘क्लास मीटिंग’ जन्माला आली. क्लास म्हणजे सुमारे बारा जणांचा गट. आठवडा कसा गेला, कुठे चुकले, हे प्रत्येकाने सांगायचे. दर तीन महिन्यांनी सदस्याला नवे तिकीट मिळे. वागणुकीची चौकशी झाल्याखेरीज ते मिळत नसे. गटप्रमुख होण्यासाठी पाद्री असण्याची गरज नव्हती. कारागीर, मजूर आणि स्त्रियाही गटप्रमुख झाल्या. १७९१ मध्ये वेस्ली वारले तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून मेथडिस्ट सदस्यांची संख्या सत्तर हजारांवर गेली होती.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर इथे तीन गोष्टी घडल्या. ज्याला गावात नावानेही कोणी हाक मारत नव्हते, त्याला विचारणारे कोणी मिळाले. ज्याला चारचौघांत तोंड उघडायची सवय नव्हती, तो दर आठवड्याला बोलू लागला. आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते, तोही आपल्या एका पेनीने संघटनेचा मालक झाला.

ही सवय प्रार्थनेपुरती राहिली नाही. १८३४ साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधून शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता आणि सहापैकी पाच जण मेथडिस्ट होते. सभा चालवणे, हिशेब ठेवणे, बोलणे हे ते प्रार्थनागृहात शिकले होते.

अमेरिकेतली गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. १७६० साली गुलामगिरीत जन्मलेला रिचर्ड ॲलन तरुणपणी मेथडिस्ट गटात सामील झाला. मजुरी करून त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि तो प्रचारक झाला. १७८६ मध्ये त्याने फिलाडेल्फियात ४२ कृष्णवर्णीयांचा गट बांधला. १७८७ मध्ये ॲब्सलोम जोन्स आणि त्याने ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. महिन्याला एक शिलिंग वर्गणी आणि त्यातून गरजू सदस्यांना, विधवांना, अनाथ मुलांना मदत, असे तिचे स्वरूप होते.

हीच माणसे सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. तिथे गोऱ्यांची जागा वेगळी आणि काळ्यांची वेगळी ठरवण्यात आली. एके दिवशी प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकून बसलेल्या ॲब्सलोम जोन्सला ओढून उठवण्याचा प्रयत्न झाला. प्रार्थना संपताच सगळे कृष्णवर्णीय एकत्र बाहेर पडले. काळाराम मंदिराच्या दारात उभ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

पण बाहेर पडून जायचे कुठे? एकटा माणूस अपमान गिळून पुढच्या रविवारी परत येतो. यांच्याकडे गट होता, वर्गणी होती, बोलणारी माणसे होती. १७९४ मध्ये ॲलनने बेथेल चर्च उभे केले. गोऱ्या मेथडिस्टांनी त्यावर ताबा सांगितला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि कृष्णवर्णीय जिंकले. १८१६ मध्ये ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. गुलामांच्या मालकांना अशा गटांची भीती का वाटे, हे १८२२ साली चार्ल्सटनमध्ये दिसले. गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून डेन्मार्क व्हेसीसह ३५ जणांना फाशी झाली. व्हेसी तिथल्या आफ्रिकन चर्चमध्ये गटप्रमुख होता. सत्ताधाऱ्यांनी ते चर्चही पाडून टाकले.

हे वाचून कोणी म्हणेल, मग चर्चच बरे. आमचे म्हणणे तसे नाही. या इतिहासाला दुसरी बाजू आहे. वेस्लींनी १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. अमेरिकन मेथडिस्टांनी १७८४ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांविरुद्ध नियम केला आणि काही महिन्यांतच तो गुंडाळून ठेवला. गटात माणसाच्या दारूची चौकशी होत होती. गुलामांच्या मालकाची चौकशी मात्र टळली. इंग्लंडमध्येही मेथडिस्ट धुरीण कामगारांच्या उठावाला घाबरत. या पंथाने मजुराला कारखान्याची शिस्त शिकवली, अशी टीका इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी केली, ती उगीच नाही. शिवाय गटप्रमुख सदस्य निवडत नसत, तो वरून नेमला जाई. भारतात तर चर्चमध्ये जातच शिरली. तामिळनाडूत दलित ख्रिश्चनांसाठी वेगळ्या रांगा आणि वेगळ्या दफनभूमी राहिल्या. तेव्हा छोटा गट हे साधन आहे. ते कोणाच्या हातात आणि कोणत्या विचारासाठी आहे, यावर सगळे ठरते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. ‘बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य’ या १९५० च्या लेखात त्यांनी भिक्खू संघाने समाजसेवेकडे वळावे असे बजावले आणि त्यासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून शिकायला सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात तर त्यांनी दोन अगदी व्यावहारिक गोष्टी सांगितल्या. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, आणि प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा या कार्याला द्यावा. म्हणजे प्रत्येक जण कार्यकर्ता आणि प्रत्येक जण वर्गणीदार. या दोन्हींपैकी आपण काय पाळले?

हे परक्याकडून उसने घेणेही नाही. बुद्धाच्या संघात दर पंधरवड्याला उपोसथासाठी भिक्खू एकत्र जमत, पातिमोक्खाचे पठण होई आणि ज्याची चूक झाली असेल त्याने ती सांगायची असे. ठराव, गणसंख्या, मतदान हे सारे संघाला ठाऊक होते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. वेस्लींच्या गटात जी लोकशाही नव्हती, ती आपल्या वारशात आहे.

आणि आज? १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जमतो. ही गर्दी आपली ताकद आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. पण ७ डिसेंबरला त्यातला प्रत्येक जण पुन्हा एकटा असतो. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, खीर खाऊन घरी जातात. गेल्या महिन्यापासून न दिसणाऱ्या माणसाच्या दारात कोण जातो? नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, नोकरी गेलेल्या पोराबद्दल विहारात बोलायला जागा आहे का?

आमचा प्रस्ताव छोटा आहे. प्रत्येक विहाराने बारा-बारा जणांचे गट करावेत. प्रमुख गटाने निवडावा, दरवर्षी बदलावा आणि निम्म्या गटांच्या प्रमुख स्त्रिया असाव्यात. आठवड्यातून एकदा तासभर बसावे. ग्रंथाचे एक पान वाचावे आणि त्यावर प्रत्येकाने बोलावे. दहा रुपये का होईना, वर्गणी घ्यावी आणि तिचा हिशेब सर्वांसमोर मांडावा. जो देऊ शकत नाही त्याचे दुसऱ्याने भरावे. जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी जावे.

तेवढे केल्यावर शेजारची बाई त्या प्रार्थनेच्या खोलीत का जाते, हे विचारायचा अधिकार आपल्याला मिळेल. कदाचित तोपर्यंत ते विचारायची गरजही उरणार नाही.

जय भीम.